दोन करार, एकच चर

माझ्या टेबलावर वीतभर लांबीचा एक काळा तुकडा असतो. जाडी अंगठ्याएवढी. एका टोकाला तो पायरी पायरीनं सोललेला आहे, त्यामुळे आतला प्रत्येक थर थोडा थोडा उघडा दिसतो. आमचे एक सीनियर निवृत्त झाले, तेव्हा ड्रॉवर रिकामा करताना त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "घे. कागद उडणार नाहीत." घरी येणारा प्रत्येक जण तो उचलून बघतो. आईनं पहिल्यांदा बघितला तेव्हा तिला तो नळाचा पाइप वाटला.

मी म्हटलं, "आई, तू आत्ता ताईशी व्हिडिओ कॉलवर बोललीस ना, ते असल्या केबलमधून गेलं."

"ते वरून जातं ना? उपग्रहावरून?"

"खालून जातं. समुद्राच्या तळावरून."

तिनं तुकडा जरा जपून खाली ठेवला. "मग भिजत नाही का गं?"

तेव्हा मी हसले होते. पण समुद्राखालच्या तारांचा दीडशे वर्षांहून जुना इतिहास म्हणजे बराचसा आईच्या याच प्रश्नाशी चाललेली झटापट आहे. १८५८ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी अटलांटिकमधली पहिली तार जोडली गेली. राणी व्हिक्टोरियानं अमेरिकेचे अध्यक्ष बुकॅनन यांना ९८ शब्दांचा संदेश पाठवला आणि तो पलीकडे पोचायला १६ तास लागले. तार तांब्याची, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून वरून गटापर्चा, म्हणजे एका झाडाच्या चिकाचं वेष्टण. संदेश धड जात नाहीत म्हणून व्हाइटहाउस नावाच्या गृहस्थांनी विजेचा दाब वाढवत वाढवत सुमारे २००० व्होल्टपर्यंत नेला. आधीच कमजोर असलेलं वेष्टण गेलं आणि काही आठवड्यांत तार कायमची गप्प झाली. लिंक स्लो आहे म्हणून चालू राउटर रीस्टार्ट करायला लावणारे मॅनेजर मी पाहिलेत, त्यांचे हे मूळपुरुष. टिकाऊ तार पडायला १८६६ उजाडलं.

माझ्या तुकड्यात अगदी मधे केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंची जुडी आहे. त्याभोवती जेली, जेलीभोवती पोलादी तारांचा घट्ट पीळ, त्यावर तांब्याची पातळ नळी आणि सगळ्यात बाहेर काळं पॉलिथिलीन. एकूण १७ मिलिमीटर. चार-पाच किलोमीटर खोल समुद्रात तळावर एवढीच वस्तू नुसती टाकून दिलेली असते. जितका समुद्र खोल तितकी केबल जाड असेल असं लोकांना वाटतं, प्रत्यक्षात उलटं असतं. खोलात तिला हात लावायला कोणी येत नाही. किनाऱ्याजवळ जाळी असतात, नांगर असतात, म्हणून तिथे तिच्यावर पोलादी तारांचं चिलखत चढवतात आणि उथळ पाण्यात तळाच्या मातीत ती पुरतात.

तांब्याची नळी कशाला, हा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. प्रकाश काचेतून जातो, मग तांबं कशाला? तर साधारण दर ६० ते १०० किलोमीटरवर प्रकाश मंद होतो, तिथे त्याला परत जोर देणारा रिपीटर बसवावा लागतो, आणि समुद्राच्या तळाशी विजेचा खांब नसतो. सगळ्या रिपीटरना वीज किनाऱ्यावरूनच द्यावी लागते. प्रवाह जेमतेम एक अँपिअरच्या आसपास, दाब मात्र हजारो व्होल्ट. दोन्ही किनाऱ्यांवरून तो लावतात, परतीची वायर नाही, समुद्रच परतीची वायर.

आता आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर. भिजते कधी कधी. मासेमारीच्या एखाद्या जाळ्यानं वरचं पॉलिथिलीन फाटलं आणि तांब्याला पाणी लागलं की तिथून वीज समुद्रात उतरायला लागते. याला शंट फॉल्ट म्हणतात. काच शाबूत असते, केबल मेलेली नसते. दोन्ही टोकांचे इंजिनिअर आपापला दाब हळूहळू कमी-जास्त करून शून्य व्होल्टचा बिंदू बरोबर त्या जखमेवर आणून ठेवतात. मग तिथून फारशी गळती होत नाही आणि दुरुस्तीचं जहाज येईपर्यंत डेटाची ये-जा चालू राहते. दुखऱ्या पायावर भार न देता चालावं तसं. एकदा एका केबलला असं कित्येक दिवस लंगडत चालताना मी पाहिलंय, आणि ज्यांचे मेसेज त्यातून जात होते त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मी नॉकमध्ये अकरा वर्षं काढली. नॉक म्हणजे नेटवर्क ऑपरेशन सेंटर. भिंतभर स्क्रीन, आणि हिरवं ते हिरवंच राहतंय ना हे बघत बसलेली दोन-तीन माणसं. बहुतेक रात्री काहीच होत नाही. त्या रात्रीही पावणेतीनपर्यंत काही झालं नव्हतं.

आमच्याकडे देशाबाहेर जाणाऱ्या दोन लिंक होत्या. दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या, दोन वेगवेगळ्या केबलींवर. समुद्रात त्या केबली एकमेकींपासून शेकडो किलोमीटर लांब. करार करताना आमच्या वरिष्ठांनी हाच मुद्दा छातीठोकपणे मांडला होता: एक गेली तर दुसरी आहे. करारात 'डायव्हर्स पाथ' असा शब्दही होता. दोन वाटांचे पैसे आम्ही दर महिन्याला मोजत होतो.

पावणेतीनला दोन्ही लाल झाल्या.

आधी मला वाटलं आपलीच वीज गेली. मग वाटलं आपला राउटर गेला. शिफ्टमधला नवा पोरगा धावत रॅककडे गेला आणि ओरडून म्हणाला, "ताई, इथं सगळं चालू आहे!" मी लॉग उघडला. एक लिंक ज्या सेकंदाला पडली त्याच सेकंदाला दुसरी. दोन्ही कंपन्यांना फोन लावले, दोन तिकिटं, म्हणजे तक्रारी, उघडली, दोन्हीकडून एकच उत्तर आलं, "मॅडम, बहुतेक सबमरीन कट आहे, बघून सांगतो." सबमरीन कट म्हणजे समुद्रात केबल तुटलेली, म्हणजे आठवडे. माझ्या पोटात गोळा आला.

मग तुकडा देणाऱ्या त्या सीनियरना उठवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक जांभई दिली आणि विचारलं, "दोन्हीच्या वेळेत फरक किती?"

"काहीच नाही, सर. सेकंदाचाही नाही."

"मग समुद्र नाही तो. समुद्र एवढा वक्तशीर नसतो."

ते बरोबर होते. तुटलेली जागा शोधायची पद्धत तशी साधी आहे. तंतूत प्रकाशाचा एक ठोका सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळानं परत येतो ते मोजायचं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ठोका एक मिलिसेकंदानं परत आला तर जागा १०० किलोमीटरवर. पहाटे चारला पहिल्या कंपनीनं सांगितलं, १४ किलोमीटर. सव्वाचारला दुसरीनं सांगितलं, १४ किलोमीटर आणि थोडं. आमच्या इमारतीपासून किनारा २२ किलोमीटर होता. समुद्र अजून आठ किलोमीटर पुढे होता.

रस्त्याच्या कडेला कोणीतरी जेसीबीनं खणत होतं. समुद्रात शेकडो किलोमीटर दूर राहिलेल्या दोन केबली लँडिंग स्टेशनांतून, म्हणजे केबल किनाऱ्यावर उतरते तिथल्या इमारतींतून, बाहेर पडल्यावर शहराकडे येताना एकाच चरात, एकाच प्लास्टिकच्या नळीत, एकमेकींना चिकटून झोपलेल्या होत्या. दोन्ही कंपन्यांनी तो चर तिसऱ्याच कोणाकडून भाड्यानं घेतला होता. सकाळी करार परत वाचला. 'डायव्हर्स' हा शब्द फक्त समुद्रातल्या भागाला लागू होता. बारीक अक्षरात नव्हतं ते, चांगलं ठळक होतं. आम्ही वाचलं नव्हतं.

जोडायला सात तास लागले. जमिनीवरचं होतं म्हणून सात तास.

समुद्रातलं असतं तेव्हा काय होतं तेही मी एकदा तिकीट उघडण्यापासून बंद करण्यापर्यंत अनुभवलंय, आणि ते एकोणीस दिवस होते. जगभरात अशा दुरुस्त्या वर्षाला दीडशे ते दोनशे होतात. बहुतेक वेळा कारण मासेमारी किंवा ओढत गेलेला नांगर. शार्कच्या बातम्या छापून येतात खऱ्या, पण शार्क बिचारे या हिशेबात जवळपास नसतातच. केबल टाकणारी आणि जोडणारी जहाजं सगळ्या जगात मिळून साठेक. त्यातलं जवळचं जहाज मोकळं असलं पाहिजे, त्यावर नेमक्या त्याच जातीची सुटी केबल चढवलेली पाहिजे, आणि ज्या देशाच्या पाण्यात काम आहे त्याचा परवाना हातात पाहिजे. आमच्या एकोणीस दिवसांतले अकरा दिवस परवान्याचे होते. रोज सकाळी स्टेटस मेल यायचा, "पर्मिट अवेटेड". मला ते दोन शब्द अजून स्वप्नात येतात.

जहाज पोचल्यावरचं काम मात्र फार जुन्या वळणाचं आहे. विहिरीत पडलेली कळशी काढायला गळ टाकतात ना, अगदी तेच. दोरीला लोखंडी आकड्यांचा गळ बांधून तळावर ओढत न्यायचा, केबल अडकली की वर घ्यायची. खोल पाण्यात अखंड केबल तळापासून वरपर्यंत येण्याइतकी सैल नसते, म्हणून आधी ती तळाशीच कापायची, मग एक टोक वर आणून तपासायचं, त्याला तरंगता बोया बांधून सोडून द्यायचं, आणि दुसरं टोक शोधायला निघायचं. शेवटी दोन टोकांमधे नवा तुकडा घालून जोड द्यायचा. एकेक केसाएवढा तंतू एकमेकाला वितळवून चिकटवायचा, तोही हलत्या जहाजावर. म्हणून दुरुस्त झालेली केबल आधीपेक्षा नेहमी थोडी लांब असते.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग कायद्याचा आहे. १८८४ साली पॅरिसला समुद्राखालच्या तारांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात अशी तरतूद आहे की केबल वाचवण्यासाठी एखाद्या जहाजानं आपला नांगर किंवा जाळं तोडून सोडून दिलं, तर त्याची भरपाई केबलच्या मालकानं द्यायची. किती शहाणपणाची गोष्ट आहे! जाळ्यात केबल अडकली हे कोळ्याला ओढ लागताच कळतं. त्या क्षणी त्यानं जाळं सोडावं असं वाटत असेल, तर जाळ्याचे पैसे कोण देणार हे आधी ठरलेलं हवं.

त्या जेसीबीनंतर मला एक खोड लागली. कुठल्या देशात नवी केबल आली, 'क्षमता अमुक टेराबिटनं वाढली' अशी बातमी दिसली की मी टेराबिटचा आकडा सोडून नकाशा बघते.

आकडे थोर असतात, यात वादच नाही. अटलांटिकमधली पहिली काचेची केबल टॅट-८, साल १९८८, तंतूंच्या एका जोडीवर (एक जायला, एक यायला) सेकंदाला २८० मेगाबिट. २०१७ मध्ये टाकून पूर्ण झालेली मारेआ, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया बीचपासून स्पेनमधल्या बिल्बाओपर्यंत सुमारे ६६०० किलोमीटर, आठ जोड्या, एकूण सेकंदाला १६० टेराबिटसाठी आखलेली (एक टेराबिट म्हणजे दहा लाख मेगाबिट). जोडीचा जोडीशी हिशेब केला तर सत्तर हजार पटींहून जास्त. तीस वर्षांच्या आत. आणि काच साधारण तीच.

ही उडी मारता आली ती एर्बियम नावाच्या धातूमुळे. टॅट-८ च्या काळात रिपीटर प्रकाशाचं विजेत रूपांतर करायचा, सिग्नल नव्यानं घडवायचा आणि परत प्रकाश करून पुढे पाठवायचा. म्हणजे त्याचा वेग कारखान्यातच ठरून जायचा. एकदा तळाशी गेला की गेला. १९८७ च्या सुमाराला साउथहॅम्पटन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेत चिमूटभर एर्बियम मिसळून दाखवलं. अशा काचेला बाजूच्या लेसरनं ऊर्जा दिली की त्यातून जाणारा क्षीण प्रकाश आपसूक तेजस्वी होतो, विजेत न बदलता. आणि नशीब असं की एर्बियम ज्या तरंगलांबीला हे करतो, सुमारे १५५० नॅनोमीटर, त्याच तरंगलांबीला काच सगळ्यात कमी प्रकाश खाते. पत्रिका जुळावी तशी. या रिपीटरला सिग्नलमधे काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. एक रंग पाठवा, शंभर रंग पाठवा, तो सगळ्यांना उचलून धरतो. त्यामुळे समुद्राला हात न लावता, फक्त दोन किनाऱ्यांवरची यंत्रं बदलून जुन्याच केबलमधून कितीतरी जास्त डेटा काढता येतो. मी स्वतः असं एक अपग्रेड जवळून पाहिलं. एका शनिवारी रात्री रॅकमधली कार्डं बदलली, आणि रविवारी तीच केबल दुप्पट झाली होती. पेढे कोणी वाटले नाहीत. बातमी तर कोणीच छापली नाही.

म्हणजे बहुतेक वेळा काच कमी पडत नाही. मग कमी काय पडतं?

प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १५ जानेवारी २०२२ ला हुंगा टोंगा–हुंगा हापाई ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि फिजीला जोडणारी ८२७ किलोमीटरची केबल तुटली. सुमारे एक लाख लोकांच्या देशाला परदेशाशी जोडणारी ती एकच. ती २२ फेब्रुवारीला जोडली गेली, पाच आठवड्यांनी. टोंगाच्याच बेटांना एकमेकांशी जोडणारी दुसरी केबल परत सुरू व्हायला २०२३ साल उजाडलं. फिजीच्या त्या केबलची क्षमता टोंगाच्या गरजेपेक्षा जास्तच होती. तिला जोडीदार नव्हता, एवढंच.

जोडीदार असूनही काय होतं ते पश्चिम आफ्रिकेत दिसलं. १४ मार्च २०२४ ला आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानजवळ डब्ल्यूएसीएस, मेनवन, एस आणि सॅट-३ या चार केबली एकाच दिवशी गेल्या. किनाऱ्यालगतच्या समुद्राखालच्या खोल दरीत मातीचा कडा घसरला, आणि चारही त्याच दरीच्या वाटेत होत्या. नायजेरियापासून घानापर्यंत बँका, फोन, सगळं अडखळलं. त्याच किनाऱ्याला समांतर पण बऱ्याच दूरवरून जाणारी इक्वियानो वाचली आणि तिनं भार उचलला. चार वाटा होत्या, पण दरीनं त्या एक म्हणून मोजल्या. माझ्या चरासारखंच. फक्त माझा चर फूटभर रुंद होता.

सॅट-३ ची आधीची गोष्ट मला जास्त बोचते. २००२ च्या सुमारास ती पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर देशोदेशी उतरली, तेव्हा आता इंटरनेट स्वस्त होणार असं सगळ्यांनी धरलं. बहुतेक ठिकाणी तसं काही झालं नाही. प्रत्येक देशात लँडिंग स्टेशनची किल्ली एकाच राष्ट्रीय दूरसंचार कंपनीकडे होती आणि बाकीच्यांना त्या दारातून आत यायला वाव नव्हता. काच बरीचशी अंधारी पडून राहिली आणि शेजारच्या इमारतीत लोक उपग्रहाची महागडी बँडविड्थ विकत घेत बसले. उपग्रहाची गंमत अशी की भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर वर असतो, त्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर यायलाच जवळपास अर्धा सेकंद लागतो. त्याच्यावरून फोनवर बोलताना दोघंही एकदम बोलतात आणि दोघंही एकदम थांबतात.

केनियाचं उदाहरण उलट्या बाजूनं बघण्यासारखं आहे. तिथे केबल यायच्या कितीतरी आधी, २००० च्या अखेरीला, नैरोबीतल्या इंटरनेट कंपन्यांनी एकत्र येऊन एक एक्स्चेंज उभारलं. तोपर्यंत नैरोबीतल्या एका कंपनीच्या ग्राहकानं शेजारच्या कंपनीच्या ग्राहकाला मेल पाठवला तर तो उपग्रहावरून परदेशात जाऊन परत यायचा. एक्स्चेंज म्हणजे खरं तर एका खोलीतला एक स्विच, म्हणजे सगळ्यांना एकमेकांशी जोडणारं यंत्र, आणि प्रत्येकाची एक वायर. महिना व्हायच्या आत नियामकानं ते बेकायदा ठरवून बंद पाडलं. ते परत सुरू व्हायला २००२ उजाडलं. २००९ मध्ये सीकॉम आणि टीम्स या केबली पूर्व आफ्रिकेत पोचल्या, तेव्हा नैरोबीची खोली तयार होती. गावातलं गावात फिरत होतं, बाहेरचं तेवढंच बाहेर जात होतं. क्षमता वाढवायचा सगळ्यात कमी खर्चाचा उपाय अजूनही तोच आहे: देशातला डेटा देशाबाहेर पाठवू नका, आणि जो व्हिडिओ हजार लोक बघणार आहेत तो हजार वेळा समुद्रापलीकडून आणू नका, एकदा आणून जवळच्या सर्व्हरवर ठेवा.

त्या केबलींचा आफ्रिकेत रोजगारावर काय परिणाम झाला याचा योनास यॉर्ट आणि योनास पोल्सन या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोजगार वाढला असं त्यांना आढळलं. पण मला महत्त्वाची वाटली ती त्यांची मोजायची रीत. केबल किनाऱ्यावर आल्यावर कोणाला फरक पडेल? जिथे जमिनीवरचं फायबर आधीच पोचलेलं होतं त्यांना. म्हणून त्यांनी तशा जागांची तुलना फायबर न पोचलेल्या जागांशी केली. सगळं संशोधनच मुळी किनाऱ्याच्या अलीकडच्या वायरवर उभं आहे.

आणि ज्यांना किनाराच नाही त्यांचं तर सगळं अलीकडेच असतं. मार्च २०११ मध्ये जॉर्जियात ७५ वर्षांच्या एका आजीबाईंच्या फावड्यानं एक फायबर तुटली. तांब्याच्या शोधात त्या खणत होत्या असं पोलिसांचं म्हणणं होतं. शेजारच्या आर्मेनियाचं इंटरनेट काही तास जवळपास पूर्ण बंद. काळ्या समुद्राच्या तळावरून सुखरूप आलेला डेटा एका फावड्यापाशी संपला. त्या फायबरमधे तर तांबं नव्हतंच.

जेसीबीच्या त्या सकाळनंतर आमच्या लिंकच्या शीटमधे मी एक कॉलम वाढवला. शीर्षक दिलं, 'एका घावात काय काय जाईल'. त्याआधी शीटमधे कंपनी, क्षमता, दर, कराराची मुदत एवढंच होतं. नवा कॉलम भरायला तीन महिने लागले. कंपन्या मार्गाचा नकाशा द्यायला का-कू करतात, आणि देतात तेव्हा त्यात किनाऱ्यापासून शहरापर्यंत पट्टीनं ओढलेली एक सरळ रेघ असते. डोंगर, नदी, वस्ती सगळ्यांना आरपार छेदून. मी दर वेळी तो नकाशा परत पाठवायचे आणि लिहायचे, चर दाखवा. एका कंपनीच्या माणसानं शेवटी वैतागून विचारलं, "मॅडम, तुम्हाला फावडं घेऊन जायचंय का तिथे?"

मागच्या आठवड्यात तिसऱ्या लिंकचा प्रस्ताव आला. नवी केबल, नवी कंपनी, दर चांगला, क्षमता आमच्या दोन्ही जुन्या लिंकच्या कितीतरी पट. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात, 'संपूर्ण स्वतंत्र मार्ग'. सोबत नकाशाची फाइल होती, न मागता, त्यामुळे मला जरा बरं वाटलं. उघडली. निळ्या समुद्रातून हिरवी रेघ छान वळण घेत येत होती, आमच्या दोन्ही केबलींपासून लांब. मग मी किनाऱ्यावर झूम केलं. केबल वाळूतून जिथे वर येते आणि जमिनीवरच्या केबलला जोडली जाते त्या खड्ड्याला बीच मॅनहोल म्हणतात. अजून झूम केलं. शीट उघडून आमच्या पहिल्या लिंकचे अक्षांश-रेखांश बाजूला ठेवले.

दशांश चिन्हानंतरचे चार आकडे जुळत होते.

त्यांना मेल टाकलाय. टेबलावरचा तुकडा प्रस्तावाच्या कागदांवर ठेवलाय, पंखा जोरात आहे.